रविवार कोणी मिळवून दिला?

रविवारी रामदासपेठेतल्या घरी तर्री-पोहे खात होतो. ऑफिसचा मेसेज आला, "पाच मिनिटांचं काम आहे." लॅपटॉप मिटला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

याच नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा गिरणी कामगारांना आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नव्हता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी तिथल्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली.

गिरणीला निदान फाटक होतं. घरून काम करताना ते आपणच लावावं लागतं. आता शनिवारी संध्याकाळी मी ऑफिसचा ग्रुप म्यूट करतो. लढून मिळालेला रविवार पाच-पाच मिनिटांनी परत का द्यायचा?