एका दिव्यातला चेहरा

आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळे खानदेशात सर्वांस परिचित असलेले पिंप्राळा आज जळगाव शहराचाच एक भाग झाले आहे. परंतु एके काळी ते शेजारचे स्वतंत्र खेडे होते. खानदेशातल्या अशा गावचे धाब्याचे घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि भर दुपारीही काळोखे राहणारे माजघर. उन्हाच्या तडाख्यापुढे ही रचना शहाणपणाची खरी. छायाचित्रकाराला मात्र ती प्रथमदर्शनी अडचणीचीच वाटावयाची. पण नवल असे की, एकाच दिव्याने चेहरा कसा उजळावा, याचा धडा अशा घराइतका चांगला दुसरीकडे मिळणे कठीण. दार उघडले की उजेडाचा एकच लोट आत येतो. दाराशी बसलेल्या म्हातारीचा एक गाल उजळतो, दुसरा सावलीत राहतो, आणि नाक, कपाळ, सुरकुत्या यांना आपोआप उठाव येतो.

उजेड आणावा लागतो, ही गोष्ट त्या प्रांताला जुनीच आहे. जळगावापासून सुमारे साठ किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत वाटाडे दाराशी आरसा किंवा पांढरे कापड धरून सूर्याचे किरण आतील भिंतींवर वळवीत असत. तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली नेमला गेलेला लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला. त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ साली निघाले, आणि १८७९ साली त्याचा अंत झाला तोही खानदेशातच, भुसावळास.

मुंबईत तोपर्यंत ही कला चांगलीच रुजली होती. १८५४ साली तेथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकी एक. त्या वेळच्या स्टुडिओचा सारा कारभार काचेच्या छपरातून व मोठ्या खिडकीतून येणाऱ्या उजेडावर चाले. गिऱ्हाइकाचे डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार असे. सूर्य ढगाआड गेला की धंदा थांबला! तेव्हा सूर्याला पर्याय शोधण्याची धडपड सुरू व्हावी, हे स्वाभाविकच होते.

१८६४ साली मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स या छायाचित्रकाराने मॅग्नेशियमची तार जाळून रसायनशास्त्रज्ञ रॉस्को यांचे चित्र घेतले. १८८७ साली गेडिके व मीटे या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियममध्ये पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनीचे संयुग मिसळून क्षणात भडकणारी पूड तयार केली. तबकात ही पूड पेटवली की डोळे दिपविणारा लोळ उठे, मागोमाग पांढऱ्या धुराचा ढग खोलीभर पसरे, आणि दारे-खिडक्या उघडून तो घालविल्याशिवाय दुसरे चित्र घेण्याची सोय नसे. बसणारा दचके, आग लागण्याचे भय तर वेगळेच. १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेच्या बंद फुग्यात ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख जाळणारा दिवा आला. धूर गेला, पण प्रत्येक चित्राला एक दिवा खर्ची पडू लागला. पुढे १९३१ पासून अमेरिकेत हॅरोल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विद्युत्संचय एकदम सोडून पुन्हापुन्हा चमकणारा फ्लॅश सिद्ध केला. आजचा फ्लॅश त्याच घराण्यातला.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. साधन सुधारत गेले, पण चेहरे काही काळ बिघडतच गेले. सोयीसाठी दिवा कॅमेऱ्यालाच जोडला जाऊ लागला, आणि भिंगाच्या दिशेनेच उजेड आल्यामुळे नाकाची सावली नाकामागे, गालाची गालामागे लपली. चेहरा थाळीसारखा सपाट, आणि पाठीमागे भिंतीवर काळी सावली चिकटलेली! ज्या घराच्या दाराने शतकानुशतके उजेड बाजूने दिला, त्याच घरात असे चित्र निघावे, यास काय म्हणावे?

दोष फ्लॅशचा नव्हे, त्याच्या जागेचा. शिवाय खिडकीचा उजेड आधी दिसतो, फ्लॅशचा दिसतो तो चित्र झाल्यावर. त्यामुळे तो मनात आधी पाहावा लागतो. दिव्याचे अंतर दुप्पट केले तर उजेड चौथाई उरतो. दिवा माणसापासून तीन फुटांवर आणि भिंत दिव्यापासून सहा फुटांवर असेल, तर माणूस उजळतो व भिंत मंद होते. माणूस भिंतीला टेकून बसला, की हा लाभ गेलाच.

डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६ ते १६६९) याच्या चित्रांत वरून व बाजूने येणारा एकच उजेड सावलीतल्या गालावर डोळ्याखाली त्रिकोणी कवडसा सोडतो. न्यूयॉर्कच्या विल्यम कुर्ट्झने १८७० च्या सुमारास स्टुडिओत ही पद्धत आणून नाव मिळविले.

या नावाला खानदेशातही एक घर मिळाले. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावी कैकी मूस (१९१२ ते १९८९) हे छायाचित्रकार राहत. मुंबईच्या विल्सन कॉलेजात व पुढे विलायतेत त्यांचे शिक्षण झाले होते. परत आल्यावर मात्र त्यांनी जवळजवळ अर्धे शतक घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले. मेजावर साध्या वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्यांचा भास निर्माण करणारी त्यांची छायाचित्रे आणि त्यांनी टिपलेली मुखचित्रे देशोदेशी नावाजली गेली. आपल्या दगडी घराला त्यांनी 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' म्हणावे, यात त्यांची निष्ठा दिसते. जग घरात बोलावून घेणाऱ्या या माणसाला उजेडही घरातच उभा करावा लागला असणार. आज तेथे त्यांच्या कलेचे संग्रहालय आहे.

पिंप्राळ्यातल्या घराला तर चाळीसगावाइतकेही दूर जाण्याचे कारण नाही. फ्लॅश कॅमेऱ्यापासून काढून आजीच्या एका बाजूस, तिच्या डोक्याहून हातभर उंच धरावा. मध्ये धुतलेले पांढरे धोतर ताणून बांधावे, म्हणजे झोत मोठा व मऊ होतो. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद वाटली तर तेथे पांढरी चादर धरावी, पण गालाला टेकेल इतकी जवळ आणू नये; सावली सारी पुसली गेली तर त्या चेहऱ्यावर सत्तर वर्षांनी जे कोरले, तेही तिच्याबरोबर पुसले जाते. ज्या पिढीतल्या बायका शहरातल्या स्टुडिओत फारशा गेल्याच नाहीत, त्यांची चित्रे अशाच खोल्यांत काढावी लागतात. पदर डोक्यावरून घेऊन बसलेल्या आजीला नथ उजेडाच्या बाजूला येईल असे किंचित वळविले, आणि 'हं, आता पाहा' असे म्हणून एकदा फ्लॅश चमकवून मग खऱ्या चित्रासाठी थोडे थांबले, म्हणजे दचकणे ओसरते आणि तिचे नेहमीचे डोळे परत येतात.