ब्रिटिश व्यापारी डॉलर

ब्रिटिश व्यापारी डॉलर हे चीन, हाँगकाँग व मलाया येथील व्यापारासाठी १८९५ ते १९३५ या काळात पाडले गेलेले चांदीचे नाणे होय. हे नाणे प्रामुख्याने मुंबईच्या टांकसाळीत पाडले जाई. काही वर्षांची नाणी कोलकाता येथे, तर १९२५ व १९३० मधील काही नाणी लंडन येथे पाडली गेली. भारतात मात्र हे नाणे चलनात नव्हते. चीनमधील ड्रॅगनचे चित्र असलेल्या चांदीच्या नाण्यांच्या बरोबरीने ते वापरले जाई व आज त्यांच्यासोबतच संग्रहिले जाते.

पार्श्वभूमी

चीनच्या किनारी बाजारपेठांत एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरला सर्वाधिक मान होता. हाँगकाँगमध्ये ब्रिटिशांनी १८६६ साली स्वतःची टांकसाळ उघडली, परंतु ती तोट्यात जाऊन १८६८ मध्येच बंद पडली. तिची यंत्रसामग्री पुढे जपानमधील ओसाका टांकसाळीत गेली.

चांदीचे भाव घसरत गेल्यामुळे २६ जून १८९३ रोजी भारतीय टांकसाळी खासगी चांदीपासून रुपये पाडून देण्यास बंद करण्यात आल्या. तोपर्यंत कोणाही व्यापाऱ्याला चांदी देऊन रुपये पाडून घेता येत. या निर्णयाचा फटका मुंबईच्या सूतगिरण्यांना बसला. वऱ्हाडचा आणि वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या बाजारात येई आणि मुंबईचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई. चीनचे चलन चांदीवरच राहिले आणि रुपया मात्र चांदीपासून तुटला. त्यामुळे चिनी गिऱ्हाइकाला भारतीय सूत महाग पडू लागले. याच सुमारास मेक्सिकन डॉलरचा तुटवडा जाणवू लागला, आणि रुपयांचे काम कमी झालेल्या मुंबईच्या टांकसाळीला १८९५ मध्ये पूर्वेकडील व्यापारासाठी डॉलर पाडण्याचे काम मिळाले.

स्वरूप

नाण्याचे वजन सुमारे २६.९५ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर आणि चांदीची शुद्धता ९० टक्के असे. एका बाजूस त्रिशूळ व ढाल धरून उभी असलेली ब्रिटानिया, मागे समुद्रातील जहाज, इंग्रजीतील मूल्य आणि सन आहे. दुसऱ्या बाजूस मध्यभागी ‘शौ’ म्हणजे दीर्घायुष्य या अर्थाचे अलंकृत चिनी चिन्ह असून भोवती चिनी आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत ‘एक डॉलर’ असा मजकूर आहे. मुंबईची ओळख म्हणजे त्रिशुळाच्या मधल्या टोकावर कोरलेले ‘बी’ हे अगदी बारीक इंग्रजी अक्षर. ते पाहण्यासाठी बहुधा भिंग लागते.

ड्रॅगनची नाणी

चिनी लोककथांतील ड्रॅगन युरोपीय कथांतल्या आग ओकणाऱ्या राक्षसासारखा नाही. तो नद्या, समुद्र व ढग यांचा स्वामी, पाऊस देणारा आणि सम्राटाच्या सत्तेचे प्रतीक आहे. ज्वाळांनी वेढलेल्या मोत्यासह त्याचे चित्र काढण्याची प्रथा आहे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत ‘नाग’ या संस्कृत शब्दासाठी ड्रॅगनवाचक ‘लोंग’ हाच शब्द योजलेला आढळतो, हे मराठी वाचकास विशेष वाटावे.

जपानच्या १८७० सालच्या चांदीच्या येनवर ड्रॅगन होता. चीनमध्ये क्वांगतुंग प्रांताचाही कारभार पाहणारे व्हाइसरॉय (महाराज्यपाल) चांग चितुंग यांच्या पुढाकाराने बर्मिंगहॅमहून यंत्रे आणून टांकसाळ उभारण्यात आली आणि १८८९ पासून तेथे ड्रॅगनची नाणी पाडली जाऊ लागली. त्यावर वजनही नोंदलेले असे. इतर प्रांतांनी हाच नमुना उचलला. १९१२ मध्ये राजेशाही संपल्यावर ड्रॅगनची जागा नेत्यांच्या मुखचित्रांनी घेतली.

मुंबईच्या डॉलरवर ड्रॅगन नव्हता, तरी तो चालला, कारण चिनी सराफ चित्रापेक्षा वजन व कस पाहत. नाणे पारखून झाले की ते त्यावर आपली लहानशी खूण ठोकत. अशा खुणांना ‘चॉप’ म्हणतात.

चलनातून माघार

स्ट्रेट्स वसाहतींनी १९०३ मध्ये स्वतःचा डॉलर काढल्याने तेथील वापर संपला. गंमत म्हणजे तो नवा डॉलरही सुरुवातीला मुंबईतच पाडला गेला. चीन व हाँगकाँगने १९३५ मध्ये चांदीचे चलन सोडले आणि ब्रिटिश व्यापारी डॉलरला बाजारच उरला नाही. १९३७ मध्ये तो औपचारिकपणे रद्द झाला.

संग्रह

१९३५ मध्ये मुंबईत पाडलेली बहुतेक नाणी वितळवण्यात आल्याने त्या सनाचे नाणे दुर्मीळ आहे. १९२१ चेही तसेच. उलट विसाव्या शतकाच्या आरंभीची अनेक वर्षे सहज मिळतात. चॉप असलेल्या नाण्यांना पूर्वी खराब झालेली नाणी समजत. आता व्यापाराचा पुरावा म्हणून काही संग्राहक तीच मुद्दाम शोधतात. बनावट नाण्यांचे प्रमाण मोठे आहे. हलक्या मिश्रधातूची नक्कल वजनात भरत नाही आणि लोखंडयुक्त नक्कल चुंबकाला चिकटते, परंतु खऱ्या चांदीत ओतलेली नक्कल ओळखण्यासाठी कडांची व अक्षरांच्या धारदारपणाची तुलना अस्सल नाण्याशी करावी लागते.