शिऊरच्या बहिणाबाई

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघतंय, त्यात तुम्हीबी एखाद्या संताविषयी लिहा, असं मंडळींनी सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण शेतात अन् कीर्तनात. तेव्हा जसं उभं राहून बोलतो तसंच लिहितो. मायबापांनी गोड मानून घ्यावं.

मी लिहितोय शिऊरच्या संत बहिणाबाईंविषयी. नाव घेतलं की पुष्कळांची गल्लत होते. खानदेशात असोद्याच्या बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या, त्या वेगळ्या अन् अलीकडच्या. या बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या, शिवाजी महाराजांच्या काळातल्या. संतांच्या इमारतीचा अभंग आपण म्हणतो, ज्ञानोबा पाया अन् तुकोबा कळस, तो त्यांच्याच नावावर आहे. तो लहान पोरांनाबी पाठ असतो. पण बाईंनी काय भोगलं ते विचारलं तर मोठी माणसंबी गप्प बसतात.

जन्म शके १५५०, म्हंजे इंग्रजी १६२८. गाव वेरूळजवळचं देवगाव. बाप आऊजी कुलकर्णी, आई जानकी. पोर कळती व्हायच्या आतच शिऊरच्या पाठकांना दिली. नवरा तीस वर्षांचा बिजवर, पोथ्या शिकलेला अन् रागाला जमदग्नी. पुढं भाऊबंदकीचा तंटा झाला अन् आईबाप, जावई, लेक अशा सगळ्यांनाच मुलूख सोडावा लागला. भिक्षा मागत पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असं करत करत कोल्हापूर गाठलं. तेव्हा बहिणाचं वय अकरा.

कोल्हापुरात एका भल्या ब्राह्मणानं आसरा दिला, अन् त्याच्याकडची गाय यांना मिळाली. ती व्याली. वासराला बहिणाचा असा लळा लागला की ती पाण्याला गेली तर तेबी मागं, ती कीर्तनाला गेली तर तेबी मागं. एकदा जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकललं. ते हंबरू लागलं, इकडं पोर रडू लागली. स्वामींनी त्याला आत आणवलं अन् दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. गावभर बोलबाला झाला. तो नवऱ्याच्या कानावर गेला. आपली बायको चारचौघांत अशी गाजते म्हणून त्यानं तिची वेणी धरली अन् गुरासारखं मारलं. अकरा वर्षांच्या पोरीला. गाईवासरानं चारापाणी सोडलं, अन् पुढं ते वासरू गेलं.

आता माझं म्हणणं ऐका. कीर्तनात ही वासराची कथा लई रंगवतात. टाळकरी डोलतात, बाया पदर डोळ्याला लावतात, अन् कथा तिथून जी उडी मारते ती थेट तुकोबांच्या स्वप्नदर्शनावर. मधला मार गाळून टाकतात. मला ते पटत नाही. मी तो सांगतो म्हणून एक वडीलधारे महाराज एकदा मला म्हणाले, "बुवा, घरातलं भांडण हरिकथेत कशाला आणता?" मी म्हणालो, "महाराज, ते मी नाही आणलं. बाईंनी स्वतःच्या अभंगात स्वतः लिहून ठेवलंय." आत्मनिवेदनाचे अभंग आहेत ते. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक बाई लिहिते की मला नवऱ्यानं मारलं, अन् ते वाचायला लाजायचं आपण?

वासरू गेल्यावर बहिणा बेशुद्ध पडली. तुकोबांना तिनं पाहिलेलं नव्हतं, त्यांचे अभंग तेवढे ऐकलेले. त्याच दिवसांत स्वप्नात येऊन त्यांनी मंत्र दिला. झालं, नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड. ब्राह्मणाची बायको अन् गुरू कोण, तर देहूचा शूद्र वाणी! तो बायकोला माहेरच्यांच्या गळ्यात टाकून निघाला. ती तेव्हा पोटुशी होती. निघायच्या वेळी तोच तापानं पडला. अन् सेवा कुणी केली? हिनंच केली. त्या दुखण्यात त्याचं मन पालटलं अन् नवराबायको मिळून देहूला गेली.

तिथंबी सुख नव्हतं. मंबाजी गोसाव्यानं छळ मांडला, ब्राह्मणानं तुकोबाचं शिष्यत्व घेतलं म्हणून. मुक्या गाईलासुद्धा त्यानं बांधून झोडपलं. पण आता बहिणाबाईंच्या बाजूला नवरा उभा होता. तुकोबांचं कीर्तन रोज समोर बसून ऐकायला मिळत होतं. मुलगी काशी देहूलाच झाली.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेनं बादशहाचं बोलावणं नाकारून पांडुरंगाच्या पायाशी देह ठेवला. तिचा निश्चय थोरच. बहिणाबाईंची वाट निराळी. त्यांनी घर सोडलं नाही, नवरा सोडला नाही अन् नामबी सोडलं नाही. पतिव्रतेच्या धर्मावर त्यांचे अभंग आहेत, ते वाचून आताच्या शिकलेल्या पोरी मला विचारतात, मग ही बंडखोर कशी? मी म्हणतो, त्याच बाईंनी वज्रसूची मराठीत आणली ती बघा. मूळ ग्रंथ संस्कृत, बौद्ध पंडित अश्वघोषाच्या नावावर आहे. ब्राह्मण म्हणायचं कुणाला, देहाला का, जन्माला का, विद्येला का, असे प्रश्न एकेक करून त्यात विचारलेत. कुळकर्ण्याची लेक अन् पाठकाची बायको असून बाईंनी ते मराठीत मांडलं. बाईनं वेदाचं नाव काढायचं नाही असा तो काळ.

१९२९ साली जस्टिन अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं त्यांचे अभंग इंग्रजीत नेले. साहेबाला त्या कळल्या. आपल्या दिंडीत आज निम्म्याहून जास्त बाया चालतात. निघताना घरी काय काय ऐकून घेतलं, ते मुक्कामाला चुलीपाशी बसलं की त्या सांगतात. वीणा बाईच्या गळ्यात द्यावी का, यावर आपल्या बैठकीत दोनदा वाद झाला अन् निकाल लागला नाही. माझं मत मी तेव्हाच सांगितलंय, द्यावी. ते इथं लिहूनबी ठेवतो.

बहिणाबाई पुढं शिऊरला राहिल्या. १७०० साली त्यांनी देह ठेवला. वय बहात्तर. अंतकाळी मुलाला, विठोबाला, जवळ बोलावून त्यांनी मागचे बारा जन्म ओळीनं सांगितले, अन् हा तेरावा, शेवटचा, म्हणाल्या. तेबी अभंगातच आहे. समाधी शिऊरला आहे.