पांढरीवरची गढी

वऱ्हाडातील अनेक जुन्या गावांत पांढऱ्या मातीचा उंच ढिगारा आढळतो. गावकरी त्याला ‘गढी’ म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातही अशा गढ्या आहेत. देशमुख-देशपांडे घराण्यांचे हे एकेकाळचे निवासस्थान. ते कोणी व केव्हा बांधले, याविषयी मात्र बहुधा आख्यायिकाच ऐकावयास मिळतात.

अठराव्या शतकात वऱ्हाडच्या महसुलात निजाम आणि नागपूरकर भोसले असे दोन वाटेकरी होते. या दुहेरी अमलात पेंढाऱ्यांच्या धाडींची भर पडे. देवगावच्या तहाने (१८०३) वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला आणि १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. अशा अस्थिर काळात वतनदाराचे घर हेच गावाचे संरक्षणस्थान असे.

गढीची रचनाही त्याला साजेशी आहे. तळाशी रुंद व वर निमुळत्या होत जाणाऱ्या मातीच्या भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, एकच भक्कम दरवाजा आणि त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत देवडी, चौक, ओसरी व माजघर. सागवानी खांब व तुळयांवर मातीचे धाबे. धान्यासाठी बळद किंवा पेव आणि पाण्यासाठी विहीर.

गढीचा काळ ठरविण्यातील खरी अडचण या मातीतच आहे. ‘काळी’ म्हणजे शेतजमीन, तर ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, शेण व पडक्या भिंती यांपासून पांढरी बनते. तीच माती गढीला वापरली गेल्याने भिंतीत सापडणारे खापर गढीहून कितीतरी जुने असू शकते. केवळ त्यावरून वास्तूचे वय सांगणे फसवे ठरते.

बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये केलेल्या उत्खननाने हे स्पष्ट केले. तेथील टेकाडात लोहयुग, सातवाहन, मध्ययुग व निजामकाळ असे थर एकावर एक मिळाले. सर्वांत खालची वस्ती सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची असून, तेथे लाकडी खांबांच्या गोलाकार घराचे अवशेष व चूल आढळली.

थर शाबूत असल्यानेच हा क्रम लागला. गढीची माती घरे लिंपण्यासाठी वा शेतात टाकण्यासाठी नेली जाते, तेव्हा केवळ पडकी भिंत जात नाही. गावाच्या वयाचा पुरावाही जातो.