सतराव्या खणातला कारभारी

जगाचा इतिहास रणांगणावर घडतो, असे आम्हांला शाळेत शिकवले. सीडी नावाच्या चकचकीत चकतीचा इतिहास मात्र हॉटेलांत घडला. पानिपत नाही, प्लासी नाही. एकदा एक जुगारखाना आणि एकदा एक खानावळ, एवढ्यावर भागले. मला ही चकती आवडते ती त्यामुळेच. ज्या विद्येचा उगम जेवणाच्या टेबलाशी आहे, ती आपल्यालाही थोडीफार पचेल असा धीर येतो.

पहिले हॉटेल 'हाय सिएरा'. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, टाहो सरोवराच्या काठी. १९८५ च्या नोव्हेंबरात तिथे काही कंपन्यांची माणसे जमली. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, फिलिप्स, हिताची अशी सगळी बडी धेंडे. गाण्यांच्या चकतीवर ग्रंथही मावतात हे तोवर सर्वांना कळले होते, पण मावलेला ग्रंथ पुन्हा सापडायचा कसा यावर प्रत्येकाचे शास्त्र निराळे. एकाची चकती दुसऱ्याच्या यंत्रात घातली की यंत्र परक्यासारखे बघे. शेजारी जुगाराची यंत्रे खुळखुळत असणारच, तरी या मंडळींनी फायली मांडण्याची एक सामाईक पद्धत ठरवायला घेतली. आमच्या गल्लीत गणपतीच्या वर्गणीचा आकडा ठरायला तीन बैठका आणि एक अबोला लागतो. यांना पुढचे तीनेक वर्षे लागली. १९८८ साली त्यातूनच 'आयएसओ ९६६०' हे जागतिक प्रमाण निघाले. अख्ख्या चकतीची हुबेहूब नक्कल एकाच फाइलीत साठवली की तिला लोक 'आयएसओ इमेज' म्हणतात, ते यावरून.

नियम कडक होते. फाइलीचे नाव आठ अक्षरी, पुढे टिंब देऊन तीन अक्षरी शेपूट; आणि तेही कॅपिटल रोमन लिपीत. आकडे चालतील, खालची रेघ चालेल, बाकी काही नाही. जुन्या तारांची भाषा आठवावी! पुढे युनिक्सवाल्यांनी लांब नावांसाठी पोटनियम केला आणि त्याला 'रॉक रिज' म्हटले. हे १९७४ च्या 'ब्लेझिंग सॅडल्स' या विनोदी सिनेमातल्या गावाचे नाव. १९९५ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टने 'जोलिएट' आणला. त्यात चौसष्ट अक्षरे, तीही युनिकोडमध्ये, म्हणजे आपली देवनागरीसुद्धा. फक्त काना, मात्रा, वेलांटी या प्रत्येकीचे तिकीट वेगळे फाडले जाते, त्यामुळे मराठी नावाला चौसष्टची ऐसपैस खोली जरा लवकर भरते.

आता दुसरे हॉटेल. आणि खरी गोष्ट इथे आहे.

नव्वदीच्या पूर्वार्धात आपला नेहमीचा पीसी सीडी वाचू शके, पण सीडीवरून जागा होऊ शकत नसे. साडेसहाशे एमबीची धिप्पाड चकती आत बसलेली, आणि यंत्राला उठवायला मात्र १.४४ एमबीची फ्लॉपी शोधत फिरायचे. कुंभकर्णाला जागे करायला चिमणी धाडावी तसा प्रकार. मग १९९५ च्या जानेवारीत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी मिळून यावरचा तोडगा प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'एल टोरिटो'. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ छोटा बैल, आपल्या भाषेत गोऱ्हा. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन गावी या नावाचे मेक्सिकन उपाहारगृह होते आणि तिथे जेवताना दोघा इंजिनिअरांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खोटी निघाली तरी माझी हरकत नाही. नाव खरे आहे.

कल्पना अशी. चकती म्हणजे प्रत्येकी २०४८ बाइटांच्या खणांची लांबच लांब रांग. मोजायचे शून्यापासून, कारण संगणकवाल्यांना एकपासून मोजणे गावंढळ वाटते. शून्य ते पंधरा हे खण प्रमाणाने मोकळे सोडलेले. सोळाव्यात यजमान: चकतीचे नाव, अनुक्रमणिकेचा पत्ता वगैरे. आणि सतराव्यात कारभारी. त्याच्याजवळ मोजून दोन गोष्टी. एक त्या खानावळीचे नाव, चक्क रोमन कॅपिटल अक्षरांत. दुसरा एका खणाचा नंबर. त्या खणात एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीत यंत्राला जागे करणारा प्रोग्रॅम ज्या खणापासून सुरू होतो त्याचा नंबर. या सगळ्या वाटेवर फाइलीचे नाव कोणी विचारत नाही. खण नंबर अमुक, बस्स.

यात एक सोंगही होते. हवे तर चकतीने यंत्राला सांगायचे, 'मी सीडी नव्हेच, मी फ्लॉपी.' यंत्राचा विश्वास बसे. मग खरी फ्लॉपी, जी जन्मापासून 'ए' ड्राइव्ह म्हणून मिरवायची, तिला 'बी' व्हावे लागे. नवे साहेब आले की जुन्या हेडक्लार्कने टेबल सरकवावे तशी.

२००४ साली माझा भाचा अमेरिकेला निघाला. सांगलीला मागे आक्का आणि भावजी, आणि संगणक बिघडला की शेजारच्या मुलाला हाक मारणे एवढीच त्यांची संगणकविद्या. क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थाची 'क्नॉपिक्स' नावाची लिनक्सची चकती तेव्हा प्रसिद्ध होती. सातशे एमबीच्या सीडीवर दोनेक जीबीचा माल दाबून बसवलेला, आणि आतली हार्ड डिस्क मेली तरी यंत्र उठून बसे. भाच्याने ठरवले, हीच चकती मागे ठेवायची, पण कडेला उरलेल्या जागेत आपल्या चार फायली घालून: फोन नंबर, कुठली वायर कुठे, ई-मेल कसे उघडायचे, आणि एक पत्र. पत्रात काय होते ते मी वाचले नाही. आक्काने वाचले, पुष्कळदा.

त्याने पहिल्यांदा काय केले, तर इमेज उघडली, आतल्या सगळ्या फायली एका फोल्डरात काढल्या, त्यात आपल्या चार टाकल्या आणि फोल्डर चकतीवर भाजला. चकती घातली. सगळे जागच्या जागी. यंत्र बंद करून पुन्हा लावले, तर चकतीकडे ढुंकूनही न बघता ते हार्ड डिस्ककडे गेले. "सगळं दिसतंय की रे," आक्का म्हणाली, "मग उठत का नाही?"

सगळे दिसत होते, कारण जे दिसते तेवढेच त्याने उचलले होते. कारभारी ही फाइल नाही. तो यादीत नसतो, फोल्डरात नसतो, तो नुसता सतराव्या खणात बसलेला असतो. सामान टेम्पोत भरून नव्या घरी आणले आणि कुठली किल्ली कुठे हे ठाऊक असलेले आजोबा जुन्या ओसरीवरच राहिले! जागे करणारा प्रोग्रॅम चकतीवर आला होता, पण त्याच्याकडे बोट दाखवणारे कोणी नव्हते.

तुम्ही म्हणाल, मग इमेज तशीच ठेवून त्यातच चार फायली सरकवाव्यात की. ते जमत नाही. ही मांडणी लिहायची एकदाच आणि वाचायची हजारदा अशा हिशेबाने केलेली. रिकामी जागा कुठे आहे याची तीत नोंदच नसते आणि एकेक फाइल सलग खणांत मांडीला मांडी लावून बसलेली. भरल्या पंगतीत मधेच चार पाने वाढायची म्हटली की पुढचे सगळे पाट सरकणार, आणि नंबरावर चालणारा कारभारी पोळी भलत्याच ताटात वाढणार. म्हणून पंगत उठवून पुन्हा मांडावी लागते. एरिक यंगडेल याने १९९३ साली 'एमकेआयएसओएफएस' हा प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्याला सोय आली, ती अशी की फोल्डर द्यायचा आणि शिवाय बजावून सांगायचे: वजा बी, जागे करणारी फाइल ही, वजा सी, चिठ्ठी या नावाने ठेव. मग तो खण नव्याने मोजतो, चिठ्ठी नव्याने लिहितो, कारभाऱ्याला नव्याने बसवतो. काही प्रोग्रॅमांना तर 'तू स्वतः कुठे बसला आहेस' हेही सांगावे लागते. त्यासाठी त्यांच्याच पोटात छप्पन्न बाइटांची जागा राखलेली असते. माणसांतही ही सोय असती तर लग्नसमारंभांत बरीच धावपळ वाचली असती.

भाच्याची दुसरी चकती उठली. विमान दुसऱ्या दिवशी होते.

हा खटाटोप त्या काळी घरोघर चालला होता. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला नव्या तऱ्हेच्या हार्ड डिस्का ओळखता येत नसत. 'एफ-सहा दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला' म्हणे, आणि लॅपटॉपला फ्लॉपीची फटच नसे. मग तो ड्रायव्हर आधीच इमेजमध्ये मुरवून चकती भाजायची. २००४ चा सर्व्हिस पॅक दोनही लोक असाच आत मुरवत. लोणचेच म्हणा ना.

आता चकत्या संपल्यात जमा आहेत. नव्या लॅपटॉपला त्यांची फटही सहसा नसते. परवा एका लिनक्सची ताजी इमेज उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर जाणारी, आयुष्यात कधी चकतीचे तोंड न बघणारी. सहज सतराव्या खणात डोकावलो. रोमन कॅपिटल अक्षरांत खानावळीचे नाव तसेच होते.