खिडकीतले हस्ताक्षर

१७ जुलै २०१८ रोजी याहू मेसेंजर कायमचा बंद झाला. जुने वापरकर्ते हळहळले, पण त्यांना आठवत होता तो गप्पांचा मजकूर नव्हे. आठवत होती ती जांभळी अक्षरे, नावाशेजारचे चिमुकले चित्र आणि खिडकीमागचे नक्षीदार दृश्य. हे निव्वळ स्मरणरंजन आहे, की त्याबरोबर खरोखरच काही हरवले?

१९९६ साली इस्राएलच्या मिराबिलिस कंपनीने आयसीक्यू आणले. तिथे प्रत्येक माणसाची ओळख म्हणजे एक क्रमांक. पुढच्या वर्षी अमेरिकेत एआयएम आले, १९९८ मध्ये याहू पेजर (पुढचा मेसेंजर) आणि १९९९ मध्ये एमएसएन मेसेंजर. या स्पर्धेत सजावटीला बहर आला. एआयएममध्ये निवडलेला फॉन्ट आणि रंग संदेशाबरोबरच प्रवास करी. आपली अक्षरे समोरच्याच्या पडद्यावर आपल्याच रंगात उमटत. याहूचे सजीव देखावे दोघांनाही दिसत. ‘डूडल’मध्ये तर दोघे एकाच पाटीवर चित्र काढत. २००३ मध्ये एमएसएनने स्वतःचे छायाचित्र आणि स्वतः बनवलेले हसरे चेहरे वापरण्याची मुभा दिली.

आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्यांना देवनागरीची सोय क्वचितच मिळे. मराठी रोमन लिपीत लिहावी लागे. लिपी परकी असताना रंग आणि वळण तेवढे आपले उरत. पाकिटावरचे अक्षर पाहून पत्र कुणाचे ते ओळखावे, तसेच हे होते.

या हौसेचे मोल चीनमध्ये आधी ओळखले गेले. अमेरिकी सेवा जाहिरातींवर चालत. टेनसेंटने मात्र २००३ मध्ये ‘क्यूक्यू शो’ काढून अवतारांचे कपडे विकायला घेतले. एक क्यू-नाणे म्हणजे एक युआन. चारचौघांत उठून दिसण्याची इच्छा ही विक्रीची वस्तू झाली.

पुढे मोबाइल आला. २००९ मध्ये व्हॉट्सॲप स्थापन करणारे जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन हे दोघेही याहूचे माजी कर्मचारी. त्यांनी जाहिराती आणि करामती टाळून साधेपणा निवडला. लहान पडद्याला तो सोयीचा होता. शिवाय पिवळ्यावर गुलाबी अक्षरे वाचताना डोळ्यांना होणारा त्रासही कुणी विसरलेले नाही.

मात्र एक बदल नोंदवायला हवा. आज आपण व्हॉट्सॲपची पार्श्वभूमी बदलतो, ती फक्त आपल्यालाच दिसते. पूर्वीची सजावट समोरच्यासाठी असे, आताची स्वतःसाठी. आई, मित्र, बँक, सगळ्यांचे निरोप एकाच वळणात येतात. जुन्या खिडकीची आठवण काढणारा माणूस रंगांसाठी हळहळत नसतो. आपले अक्षर कुणीतरी ओळखत होते, एवढेच त्याला आठवत असते.