माणसं दहापट, वेग पाचपट: 'परम'ची गोष्ट

आजची गोष्ट आमच्या पिंपरीहून फार लांबची नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातली आहे.

१९८० चं दशक. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. अमेरिकेनं 'क्रे' दिला, पण कडक अटी घालून. मग १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातले विजय भटकर. मुदत तीन वर्षं!

क्रेसारखा दणकट, महागडा प्रोसेसर बनवणं आवाक्यात नव्हतं. म्हणून ठरलं, बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर घ्यायचे आणि पुष्कळ एकत्र जोडायचे. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर निवडला. शेजारच्या चिपशी बोलायला त्याच्यावरच चार लिंक होत्या. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला.

पण चिप वाढवल्या की तेवढाच वेग वाढतो, असं नसतं. आपल्या एमआयडीसीतलंच उदाहरण घेऊ. समजा, एक ऑर्डर एकट्या माणसाला दहा तासांची आहे. नऊ तास मशीनिंग, ते कितीही जणांत वाटता येतं. शेवटचा एक तास इन्स्पेक्शन. गेज एकच, माणूस एकच. आता दहा कामगार लावा. मशीनिंग ५४ मिनिटांत उरकेल, वर इन्स्पेक्शनचा तास. एकूण ११४ मिनिटं. माणसं दहापट, वेग जेमतेम पाचपट! शंभर लावले तर साधारण नऊपट. हजार लावा, दहापट कधीच होणार नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा दाखवली होती. आणि कामगार एकमेकांची वाट बघत थांबतात, तो वेळ आपण धरलेलाच नाही.

म्हणून सी-डॅकचा कस नुसत्या चिप जोडण्यात लागला नाही. काम वाटायचं कसं, निरोप पोचवायचे कसे, हे अवघड होतं. त्यासाठी त्यांनी 'परास' हे सॉफ्टवेअर बनवलं. पुढच्या 'परम ८६००' मध्ये आकडेमोडीला इंटेलची आय८६० चिप जोडली. २००७ मध्ये पुण्यातल्याच सीआरएलचा 'एका' जगात चौथा आला. तोही हजारो प्रोसेसर जोडूनच.

तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय, त्यातही बहुधा आठ कोअर असतील. ॲपनं काम नीट वाटलं नाही, तर एक राबतो आणि बाकीचे बसून राहतात. तेव्हा फोन घेताना कोअर जरूर मोजा, पण तेवढ्यावर भुलू नका.

भेटू पुढच्या भागात!